ऑपरेशन नीट झालं, मग बीपी का पडलं? मास्ट पेशींच्या दुर्मीळ आजारांविषयी

बेळगाव असो, मिरज असो की कोल्हापूर, मोठ्या दवाखान्याच्या जिन्यात बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले, आणि मग एकाएकी बीपी पडलं." पुढची गोष्ट प्रत्येकाची वेगळी. कुणी दोन दिवस आयसीयूत काढून चालत घरी आलं, कुणी आलंच नाही. का झालं, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. भूल जास्त झाली, रक्त कमी पडलं, हार्टवर ताण आला, किंवा 'शरीरानं साथ दिली नाही'. यातलं शेवटचं तर उत्तरच नव्हे.

बहुतेक वेळा खरं कारण सापडतं. पण मूठभर रुग्ण असे उरतात की पोटात रक्तस्राव नाही, हृदय ठीक, जंतुसंसर्गाचा पत्ता नाही, आणि तरीही बीपी तळाला गेलेलं. या मूठभरांतल्या काहींच्या शरीरात एक दुर्मीळ आजार वर्षानुवर्षं गुपचूप बसलेला असतो. रुग्णाला तो माहीत नसतो, घरच्या डॉक्टरांना नसतो आणि भूल देणाऱ्यालाही नसतो. हा आजार मास्ट पेशींचा.

शॉक म्हणजे काय, आणि आधी कशाचा संशय घ्यायचा

वैद्यकात शॉक म्हणजे मेंदू, मूत्रपिंड, हृदय यांना पुरेसं रक्त न पोहोचणं. रक्त कमी असेल, ते ढकलणारं हृदय थकलं असेल, वाटेत गुठळी अडकली असेल, किंवा रक्तवाहिन्या एकदम सैल पडून रक्त असूनही दाब राहत नसेल, यांपैकी काहीही झालं तरी रुग्ण बाहेरून सारखाच दिसतो: फिकट, घामेजलेला, नाडी हाताला न लागणारी.

शस्त्रक्रियेनंतर असं झालं तर डॉक्टर प्रथम रक्तस्राव शोधतात, आणि तेच बरोबर आहे. मग हार्ट अटॅक, फुप्फुसात अडकलेली गुठळी, जंतुसंसर्ग. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर करतात त्यानंतरही बीपी उतरतं. सिझेरियनमध्ये ते नेहमीचंच, आणि भूलतज्ज्ञ त्याच्या तयारीत असतात. त्याचा या लेखातल्या आजाराशी संबंध नाही. मास्ट पेशींचा नंबर या यादीत शेवटी लागतो. माझी तक्रार त्या नंबराबद्दल नाहीच. यादी तिथवर पोहोचेपर्यंत पुरावा रक्तातून निघून गेलेला असतो, ही खरी अडचण आहे.

राखणीला बसलेल्या पेशी

पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये आपल्या प्रबंधात मास्ट पेशींचं वर्णन केलं. या पेशी अस्थिमज्जेत जन्मतात, पण रक्तात फिरत राहत नाहीत. त्वचा, नाक, फुप्फुसं, आतडी आणि रक्तवाहिन्यांच्या कडेला जाऊन त्या मुक्काम ठोकतात. त्यामुळे नेहमीच्या रक्ततपासणीत, म्हणजे सीबीसीत, त्या दिसत नाहीत.

खानापूर तालुक्यात भात पोटरीला आलं की शेतकरी रात्री माळ्यावर राखणीला बसतात. डुकरं येतात, गवे येतात, कधी हत्तीही. राखणदाराच्या हाताशी फटाके असतात आणि चाहूल लागली की तो वाजवतो. मास्ट पेशी म्हणजे शरीराच्या वेशीवरचे असेच राखणदार. त्यांच्या पोटात दारूगोळ्याच्या पिशव्या भरलेल्या असतात. त्यात हिस्टामिन असतं, रक्त पातळ ठेवणारं हेपरिन असतं आणि ट्रिप्टेज नावाचं एक प्रथिन असतं. जंत किंवा विष आत आलं की पिशव्या फुटतात. त्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते, खाज सुटते. एवढ्यापुरतं हे सगळं कामाचंच आहे.

पण सगळ्या शिवारातले फटाके एकाच वेळी वाजले तर? अंगभरच्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, आणि वर गळतातही. दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांतल्या द्रवाचा एक तृतीयांशापर्यंत भाग बाहेरच्या ऊतींत पाझरू शकतो. बाहेर थेंबभर रक्त सांडलेलं नसतं, तरी आतून माणूस रिकामा होतो. श्वासनळ्या आवळतात, आतड्यांना पेटके येतात. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. हा शब्द यापुढे लागणार आहे, तेवढा लक्षात ठेवा.

आजार कोणता?

एकच नाही, तीन सांगावे लागतील, पण तिघांना सारखा वेळ द्यायचं कारण नाही.

मुख्य आजार मॅस्टोसायटोसिस. यात 'किट' नावाच्या जनुकात एक बिघाड होतो. प्रौढांच्या अंगभर पसरलेल्या प्रकारात दहापैकी नऊहून जास्त रुग्णांत डी८१६व्ही हा एकच बदल सापडतो. हा बिघाड सहसा आईबापांकडून येत नाही, जन्मानंतर शरीरातच घडतो. त्यामुळे मास्ट पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि चिमूटभर कारणानं फुटतात. राखणदार वाढले आणि त्यांचे हातही शिवशिवू लागले, असा दुहेरी प्रकार. युरोपातल्या अंदाजांनुसार साधारण १०,००० माणसांत एकाला हा आजार असतो. लहान मुलांत तो बहुधा त्वचेपुरताच असतो आणि वयात येईपर्यंत पुष्कळदा ओसरतो. मोठ्यांत तो अस्थिमज्जेत घर करतो आणि टिकतो. बहुतेकांत तो संथ असतो, आयुष्य फारसं कमी करत नाही. धोका असतो तो अशा अचानक झटक्यांचा.

दुसरा प्रकार आनुवंशिक. यात ट्रिप्टेज बनवणाऱ्या जनुकाची एखादी जास्तीची प्रत जन्मतःच असते. पाश्चात्त्य देशांत सुमारे ५ टक्के लोकांत ती आढळते आणि त्यांतल्या पुष्कळांना आयुष्यभर काहीच होत नाही. मात्र ॲनाफिलॅक्सिस झालाच तर तो जास्त जोरात होऊ शकतो.

तिसऱ्या प्रकारात पेशींची संख्या ठीक असते, पण त्या पुन्हा पुन्हा फुटतात. त्याला मास्ट सेल ॲक्टिव्हेशन सिंड्रोम म्हणतात. याचं निदान इंटरनेटवर फार स्वस्त झालं आहे. थकवा, पोट फुगणं, डोकेदुखी, झोप न लागणं, सगळं याच खात्यात टाकणारे व्हिडिओ आहेत. खऱ्या निदानाला तीन गोष्टी लागतात. एकाहून जास्त अवयवांना एकदम त्रास देणारे झटके वारंवार यायला हवेत, झटक्याच्या वेळी रक्तात ट्रिप्टेजसारखा पुरावा वाढलेला सापडायला हवा, आणि मास्ट पेशींवरच्या औषधांनी गुण यायला हवा.

शस्त्रक्रियेच्या वेळीच का?

एरवी या पेशींना चिथावणाऱ्या गोष्टी एकेकट्या भेटतात. ऑपरेशन थिएटरात त्या रांगेनं येतात. आदल्या रात्रीची भीती आणि अपुरी झोप. थंडगार खोली. त्वचेवर घासून लावलेलं जंतुनाशक. कापणं, ओढणं, आतडी हाताळणं. रक्त थांबवायला पाय पट्ट्यानं आवळून केलेल्या ऑपरेशनात तो पट्टा सोडल्याचा क्षण. आणि अर्ध्या तासात एकामागोमाग शिरेतून गेलेली पाच-सहा औषधं.

यातली काही औषधं ॲलर्जी नसतानाही मास्ट पेशी फोडतात. मॉर्फिन, स्नायू सैल करणारं ॲट्राक्युरियम, घाईनं चढवलेलं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक ही त्यातली ठळक नावं. पहिल्यांदाच घेतलेल्या औषधानं असं कसं होतं, हे कोडं बराच काळ होतं. २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की मास्ट पेशींवर एमआरजीपीआरएक्स२ नावाचं एक ग्राहक (रिसेप्टर) आहे आणि अशी काही औषधं थेट त्यालाच जाऊन चिकटतात. म्हणजे शरीराची त्या औषधाशी आधी 'ओळख' होण्याची गरज नाही. डायक्लोफेनॅकच्या कुळातल्या वेदनाशामकांनीही काही रुग्णांचा झटका सुरू होतो.

मग ऑपरेशन संपल्यावर, रिकव्हरी रूममध्ये का? कारण दुखणं थांबवण्याचं इंजेक्शन, अँटिबायोटिकचा पुढचा डोस, रक्ताची बाटली हे सगळं तिथेच लागतं. शिवाय एकदा शांत झालेली प्रतिक्रिया काही तासांनी पुन्हा उसळू शकते. पहिली लाट भुलीखाली हलकीशी येऊन गेली, बीपी जरा उतरलं म्हणून औषध देऊन वर आणलं, कुणाला शंका आली नाही, आणि दुसरी लाट वॉर्डात आली, असंही घडू शकतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ऑपरेशनच्या वेळचा प्रत्येक ॲनाफिलॅक्सिस मास्ट पेशींच्या आजाराचा नसतो. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांनी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. भुलीच्या सुमारे १०,००० प्रसंगांमागे एक गंभीर प्रतिक्रिया, असं तिचं गणित निघालं. कारणांत जवळपास अर्धा वाटा अँटिबायोटिकांचा होता, एक तृतीयांश स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा, आणि त्यानंतर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा. यातले बहुतेक रुग्ण साध्या औषध-ॲलर्जीचे असतात. मूळचा मास्ट पेशींचा आजार असणारे त्यातले थोडेच, पण ओळखले गेले नाहीत तर पुढच्या खेपेला औषध बदलूनही त्यांना पुन्हा झटका येऊ शकतो.

"अंगावर गांधी नाहीत, मग ॲलर्जी कशी?"

पित्त उठणं आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. अंगभर लाल गांधी, खाज, मग आमसुलाचं पाणी लावायचं नाहीतर सेट्रिझिनची गोळी घ्यायची. त्यामुळे ॲलर्जी म्हटलं की अंग पाहिलं जातं. अंग स्वच्छ, म्हणजे ॲलर्जी नाही.

हा नियम ऑपरेशन टेबलावर चालत नाही. रुग्ण हिरव्या कापडांखाली झाकलेला असतो. बेशुद्ध असल्यानं त्याला 'खाज सुटली', 'घसा आवळला' असं सांगता येत नाही. त्या ब्रिटिश पाहणीतही सर्वांत जास्त वेळा पहिली खूण म्हणून दिसलं ते पडलेलं बीपी. त्यातही मॅस्टोसायटोसिसच्या रुग्णांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना गांधी पुष्कळदा येतच नाहीत, थेट बीपी कोसळतं. सावळ्या अंगावर लाली तशीही नीट दिसत नाही.

गोंधळ वाढवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. मास्ट पेशींच्या पोटात हेपरिन असतं हे वर आलंच. ते मोठ्या प्रमाणात सुटलं तर जखमेतून रक्त वाहू लागतं आणि गोठण्याच्या तपासण्या बिघडतात. मग सर्जनला वाटतं, टाका सुटला. दुसरं, हिस्टामिन आणि त्याचे सोबती हृदयाच्या रोहिणीला आवळू शकतात. ईसीजी बदलतो, छातीत दुखतं आणि निदान हार्ट अटॅकचं होतं. याला कौनिस सिंड्रोम म्हणतात, १९९१ पासून तो या नावानं ओळखला जातो. म्हणजे एकच आजार कधी रक्तस्रावाचं सोंग घेतो, कधी हृदयविकाराचं. डॉक्टर चकले तर त्यांना फार दोष देता येत नाही.

ट्रिप्टेज: एक नमुना पुरत नाही

हिस्टामिन काही मिनिटांत रक्तातून नाहीसं होतं. ट्रिप्टेज मात्र काही तास टिकतं. म्हणून पुरावा म्हणून तेच तपासतात. प्रतिक्रिया सुरू झाल्यापासून अर्ध्या तासानंतर ते दोन तासांच्या आत रक्त काढलेलं उत्तम, चार तासांपर्यंतही उपयोग होतो. त्यानंतर आकडा घसरत जातो. नमुना सीरम वेगळं करून थंड ठेवला तर टिकतो. त्यामुळे तपासणी गावातच व्हायला हवी असं नाही. रक्त वेळेत काढलं आणि नळीवर वेळ लिहिली की ती मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवता येते. उपचार थांबवून रक्त काढायचं नसतं, हे सांगायला नकोच.

या तपासणीचा खरा अर्थ दुसऱ्या नमुन्याशिवाय लागत नाही, आणि इथेच बहुतेक ठिकाणी काम अर्धवट राहतं. रुग्ण पूर्ण सावरल्यावर, किमान २४ तासांनी, पुन्हा रक्त काढायचं. तो त्या माणसाचा नेहमीचा आकडा. हिशेब असा: नेहमीच्या आकड्याला १.२ ने गुणा आणि त्यात २ मिळवा. झटक्याच्या वेळचा आकडा त्याहून जास्त असेल तर मास्ट पेशी फुटल्या होत्या असं धरतात.

समजा, झटक्याच्या वेळी ट्रिप्टेज १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं. लॅबच्या कागदावर ११.४ पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं. सगळे म्हणतील, नॉर्मल आहे. पण आठवड्यानं त्याच माणसाचा आकडा ४ निघाला तर? चारला १.२ ने गुणून २ मिळवले की ६.८ होतात. दहा त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे नॉर्मल दिसणारा रिपोर्ट प्रत्यक्षात पुरावा होता.

उलटही होतं. झटक्याच्या वेळी ३० आणि महिन्यानंतरही २८. इथे फरक फार नाही. पण सावरलेल्या माणसाचा आकडा २० च्या वर राहणं ही मॅस्टोसायटोसिसची खूण धरली जाते. मूत्रपिंड निकामी असेल तरी ट्रिप्टेज वाढतं, काही रक्ताच्या आजारांतही वाढतं, म्हणून एवढ्यावर शिक्का मारत नाहीत. पुढे रक्तात किट जनुकाची तपासणी आणि गरज पडली तर अस्थिमज्जेचा तुकडा काढून पाहणं, हे रक्तविकारतज्ज्ञांचं काम.

"टेस्ट डोस दिला होता की!"

आपल्याकडे इंजेक्शनच्या आधी हातावर थेंबभर टोचून फुगतं का ते पाहण्याची पद्धत आहे. ते फुगलं नाही की 'चालतंय' असा कौल मिळतो. नीट केलेल्या त्वचा-चाचणीला काही औषधांच्या बाबतीत जागा आहे. पण मास्ट पेशींचा आजार अशा टेस्ट डोसानं कळत नाही. त्या दिवशी एका थेंबाला न फुटलेल्या पेशी थंडी, भीती, चिरा आणि चार औषधं एकत्र आल्यावर फुटू शकतात. टेस्ट डोस ठीक आला म्हणून ॲनाफिलॅक्सिसची शंका सोडून देणं हा सरळ चुकीचा तर्क आहे.

टेस्ट डोसापेक्षा चार प्रश्न जास्त कामाचे. भूलतज्ज्ञ विचारतात, "कशाची ॲलर्जी आहे काय?" आपण म्हणतो, "नाही." पित्त उठतं ते आपल्या लेखी ॲलर्जीत येत नाही, मधमाशी चावून चक्कर आली ती तर दवाखान्याशी संबंधित गोष्टच नव्हे. आणि नेमक्या याच गोष्टी सांगायच्या असतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात आग्यामोहोळ उठणं नवं नाही. शंभर माश्या चावल्या तर विषाच्या मात्रेनंच कुणीही आडवा होईल. पण एकच मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली आणि अंगावर काही न उठता माणूस बेशुद्ध पडला, तर ती मॅस्टोसायटोसिसची ओळखीची खूण आहे. अशा माणसाचं ट्रिप्टेज एकदा तपासावंच.

दुसरी खूण त्वचेवरची. मांड्या, पोट, पाठ यांवर तांबूस-तपकिरी, तिळासारखे बारीक डाग, जे घासले की काही मिनिटांत फुगतात आणि खाजतात. तिसरी, गरम पाण्यानं, दारूनं किंवा दुखण्याच्या गोळीनं चेहरा-छाती एकदम तापून लाल होणं आणि सोबत पोटात कळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी. तांबड्या रश्श्यानं कान लाल होतात ते यात मोजू नका. चौथी, कमी वयात हाडं ठिसूळ होऊन मणका दबणं. आणि अर्थात, आधीच्या एखाद्या भुलीत 'काहीतरी झालं होतं' ही घरातली आठवण.

मग सगळ्यांचीच आधी तपासणी का नको?

१०,००० त एकाला असणाऱ्या आजारासाठी प्रत्येकाचं रक्त तपासलं तर पैसे जातील, आणि शिवाय आकडा जरा वर आलेल्या कितीतरी धडधाकट माणसांची ऑपरेशनं अडतील. त्यांच्यात आनुवंशिक प्रकारवालेच जास्त निघतील, ज्यांना बहुधा काही होणार नाही. वरच्या खुणांपैकी एखादी असेल त्याची तपासणी करावी. ज्याला भुलीत किंवा त्यानंतर कारण न सापडलेला शॉक येऊन गेला, त्याची तर न चुकता करावी.

"दवाखान्यानं चूक झाकायला सांगितलेलं कारण तर नव्हे?"

हा प्रश्न विचारला जाणारच, आणि विचारू नका असं मी म्हणणार नाही. 'दुर्मीळ रिॲक्शन होती' हे वाक्य पुराव्याविना फेकलं तर ते कारण नव्हे, पळवाट. फरक कागदावर कळतो. बीपी किती वाजता पडलं, त्याआधी कोणतं औषध किती वाजता गेलं, काय उपचार दिले आणि ट्रिप्टेजसाठी रक्त काढलं का, हे लिहिलेलं असेल तर दवाखान्यानं काम नीट केलं आहे. उलट, वेळेत घेतलेला नमुना प्रामाणिक डॉक्टरांचंही संरक्षण करतो.

उपचारांबद्दल एक मुद्दा ठासून सांगतो. ॲनाफिलॅक्सिसवर पहिलं औषध ॲड्रेनालिन आहे. मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम, गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. थिएटरात भूलतज्ज्ञ मॉनिटर पाहत शिरेतून त्याहून कितीतरी लहान मात्रा देतात, सोबत सलाईन भराभर. छोट्या दवाखान्यांत मात्र अजूनही आधी एव्हिल हे ॲलर्जीचं औषध आणि डेक्सा हे स्टेरॉइड दिलं जातं, आणि 'हार्टला त्रास होईल' म्हणून ॲड्रेनालिन मागे राहतं. एव्हिल खाज थांबवतं, कोसळलेलं बीपी उचलत नाही. स्टेरॉइडला काम करायला तास लागतात. आणि रुग्णाला या वेळी उठवून बसवू नये. दम फार लागत नसेल तर आडवं ठेवून पाय वर करावेत. एकदम बसवल्यानं किंवा उभं केल्यानं हृदयाकडे रक्त परतत नाही आणि त्यातच मृत्यू ओढवल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

आजार असेल तर ऑपरेशन करायचंच नाही?

करायचं, फक्त सांगून. मॅस्टोसायटोसिसच्या रुग्णांची ऑपरेशनं सुखरूप होतात. आधीपासून चालू असलेल्या अँटिहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिनला अडवणाऱ्या, गोळ्या बंद करत नाहीत, उलट आदल्या दिवशी आणि सकाळी आणखी दोन-तीन औषधं देतात. रुग्णाला ऊबदार आणि शांत ठेवतात. औषधं एकेक करून, सावकाश. मॉर्फिनऐवजी फेंटानिल, ॲट्राक्युरियमऐवजी व्हेक्युरोनियमसारखं दुसरं काही. दातांच्या डॉक्टरांकडे बधिर करायला लागणारं लिग्नोकेन सहसा चालतं. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर ते आधी सांगायला हवं, कारण त्या गोळीमुळे ॲड्रेनालिनचा परिणाम कमी होतो. ते स्वतःहून बंद मात्र करू नये.

मूळ आजारावरही औषधं आली आहेत. अमेरिकेत मिडोस्टॉरिनला २०१७ मध्ये आणि अव्हाप्रिटिनिबला २०२१ मध्ये मान्यता मिळाली, संथ प्रकारासाठी अव्हाप्रिटिनिब २०२३ पासून. ती महागडी आहेत आणि बहुतेकांना लागतही नाहीत. रोजची अँटिहिस्टामिन गोळी, चिथावणाऱ्या गोष्टी टाळणं आणि जवळ ॲड्रेनालिन ठेवणं, एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं. ते इथे सहज मिळत नाही, त्यामुळे औषधाची काचेची कुपी (अँप्युल), सिरिंज आणि ती भरायची कशी याचं शिक्षण डॉक्टरांकडून घ्यावं लागतं.

चार गावं, तीन भाषा, एक फाईल

सीमाभागातल्या माणसाचा दवाखाना एका गावात नसतो. निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला, खानापूरचा कधी बेळगावला तर कधी गोव्याला, आणि मोठं काही निघालं की हुबळी किंवा बेंगळुरू. हर्नियाचं ऑपरेशन एका राज्यात, सांध्याचं दुसऱ्या राज्यात. मधल्या वर्षांत केस पेपर घराच्या माळ्यावर किंवा पुरात. पहिल्या भुलीत बीपी पडल्याची नोंद दुसऱ्या दवाखान्याच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. सिस्टर कानडीत विचारतात, आजी मराठीत सांगते, आणि मधे कुणीतरी 'काही नाही ओ, बीपी लो झालेलं' एवढाच अनुवाद करतं. एरवी हे चालून जातं. या आजारात चालत नाही, कारण इथे निदानाचा निम्मा भाग जुन्या प्रसंगाच्या तपशिलातच असतो.

औषधांची नावं मात्र सगळीकडे इंग्रजीतच लिहिली जातात, त्याचा फायदा घ्यावा. शॉक येऊन गेलेल्या रुग्णाचं डिस्चार्ज कार्ड पुरेसं नाही. त्यावर 'हायपोटेन्शन, मॅनेज्ड', म्हणजे बीपी पडलं आणि सावरलं, एवढंच लिहिलेलं असतं. भूलतज्ज्ञांचा वेगळा तक्ता असतो, ज्यात पाच-पाच मिनिटांचं बीपी आणि प्रत्येक औषधाची वेळ असते. तो मागावा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं कागद मागितले की ते ७२ तासांत द्यायचे असतात, आणि दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची असते. तीन वर्षं उलटली की मागून उपयोग होईलच असं नाही. म्हणून तो तक्ता घरी जातानाच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा आणि घरातल्या दोघातिघांना पाठवावा.

झटक्याच्या वेळचा नमुना घेतलाच गेला नसेल तर तो परत मिळणार नाही. पण नेहमीचा ट्रिप्टेज आकडा आजही तपासता येतो, मग प्रसंग सहा महिन्यांपूर्वीचा असो की सहा वर्षांपूर्वीचा. तो वर निघाला तर शोध पुन्हा सुरू होतो. तो नॉर्मल निघाला आणि त्वचेवर, हाडांत काही खूण नसली तर मोर्चा त्या दिवशीच्या औषधांकडे वळवायचा आणि ॲलर्जीतज्ज्ञांकडून एकेक औषध तपासून घ्यायचं. त्यासाठीही तोच तक्ता लागतो.